जुनी थ्री सिरीज घेताय? तक्रारी आणि रिकॉल असे वाचा

विचारणारे काही महिन्यांपूर्वी पुण्याहून न्यू जर्सीला आले आहेत, घरात दोन वर्षांची मुलगी आहे. त्यांनी एका युज्ड कार डीलरकडे 2013 ची बीएमडब्ल्यू 328आय, म्हणजे थ्री सिरीजमधलीच एक, पाहिली आहे, 88,000 मैल चाललेली. गाडी आवडली, किंमतही बसते. पण सरकारच्या सुरक्षा साइटवर त्या मॉडेलखाली धूर निघाल्याच्या, आग लागल्याच्या, हायवेवर इंजिन बंद पडल्याच्या तक्रारी दिसल्या, आणि गाडीचा ओळख क्रमांक टाकल्यावर एक रिकॉल (कंपनीने दोष फुकट दुरुस्त करायला गाड्या परत बोलावणं) अजून झालेला नाही असं आलं. डीलर म्हणतो, "किरकोळ आहे, घेतल्यावर करून घ्या." त्यांचा प्रश्न: घ्यावी की सोडून द्यावी?

मी इथे न्यू जर्सीतच जर्मन गाड्यांचं काम करतो आणि आपल्या मंडळींसाठी खरेदीपूर्व तपासणी सतत करत असतो. आधी उत्तर देतो, मग कारणं. ओपन, म्हणजे काम बाकी असलेला, रिकॉल आहे एवढ्यावरून गाडी सोडू नका. पण तो रिकॉल पुरा होऊन कागद हातात आल्याशिवाय सही करू नका. आणि या विशिष्ट गाडीत माझी काळजी रिकॉलपेक्षा टायमिंग चेनची, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणाऱ्या साखळीची आहे, जिचा रिकॉल निघालेलाच नाही.

तक्रारींपासून सुरुवात करू, कारण घाबरवलं त्यांनीच. अमेरिकेत एनएचटीएसए नावाची केंद्रीय संस्था आहे, रस्त्यावरच्या वाहनांच्या सुरक्षेसाठी. तिच्याकडे कुणीही गाडीमालक तक्रार नोंदवू शकतो, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. ती तक्रार जशीच्या तशी साइटवर चढते. गाडी कुणी तपासलेली नसते, कारण कुणी सिद्ध केलेलं नसतं. म्हणून "इतक्या तक्रारी" हा आकडा तुमच्या कामाचा नाही. अमेरिकेत त्या काळी वर्षाला लाखाच्या आसपास थ्री सिरीज विकल्या जात होत्या. खपणाऱ्या गाडीच्या तक्रारी जास्त दिसणारच. शिवाय एकच तक्रार इंजिन, इलेक्ट्रिकल आणि इंधन अशा तिन्ही सदरांत मोजली जाऊ शकते. आणि रिकॉल जाहीर झाला की तक्रारींना ऊत येतो, त्यातल्या बऱ्याच "पत्र आलं, पण पार्ट मिळत नाही" एवढ्याच असतात. टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगच्या रिकॉलच्या वेळी हे फार झालं.

तरी तक्रारी वाचा. आकडा सोडा, मजकूर वाचा. आमच्यासारख्यांना त्यात सोनं सापडतं. प्रत्येक तक्रारीत घटनेची तारीख, मैल, वेग, आग किंवा इजा झाली का, आणि व्हीआयएनची, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाची, पहिली अकरा अक्षरं असतात. तुमच्या गाडीच्या जवळपास मैल झालेल्या तक्रारी काढा आणि बघा, वेगवेगळ्या राज्यांतली, एकमेकांना न ओळखणारी माणसं एकच क्रम सांगताहेत का. "कूलंट गरम झाल्याचा संदेश, मग ताकद कमी, मग बॉनेटमधून धूर" असं पाच जणांनी त्याच क्रमाने लिहिलं असेल तर तो एक दोष आहे. "गाडी हलते, डीलरला काही सापडलं नाही" असं पन्नास जणांनी लिहिलं तरी त्यातून काही हाती लागत नाही. कुणी घासलेल्या टायरवर चालवत असतो, कुणी स्वस्तातले बुश घातलेले असतात.

याच तक्रारींवरून संस्थेचा दोष-तपास विभाग आधी प्राथमिक चौकशी उघडतो, गरज वाटली तर पुढे अभियांत्रिकी तपास करतो, आणि तिथून रिकॉल होऊ शकतो. अनेकदा त्याच्या आधीच कंपनी स्वतःहून रिकॉल जाहीर करते. त्यामुळे उद्या तुमच्या गाडीत असं काही झालं तर तक्रार नक्की नोंदवा. वेग किती होता, कोणता दिवा लागला, पुन्हा सुरू केल्यावर काय झालं, हे सगळं लिहा. फोटो काढा, आणि काढलेला खराब पार्ट मेकॅनिककडून मागून घ्या. तो फेकला की पुरावा गेला.

आता रिकॉल. मॉडेलच्या नावाने रिकॉल शोधू नका, तुमच्या गाडीच्या सतरा अक्षरी व्हीआयएनने शोधा. एकाच वर्षाच्या दोन 328आयमध्ये एक रिकॉलमध्ये असते, दुसरी नसते, कारण पार्टचा पुरवठादार किंवा बनवल्याचा महिना वेगळा असतो. व्हीआयएन ड्रायव्हरच्या बाजूला काचेखाली आणि दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. दोन्ही जुळवून बघा. दहावं अक्षर मॉडेल-वर्षाचं असतं, 2013 साठी ते डी. स्टिकरवर बनवल्याचा महिनाही छापलेला असतो, तो टिपून ठेवा.

सरकारी साइटवर व्हीआयएन टाकल्यावर फक्त न झालेले रिकॉल दिसतात. "शून्य" आलं तर त्याचे दोन अर्थ निघतात: गाडी कधी रिकॉलमध्ये नव्हतीच, किंवा होती आणि काम झालं आहे. यातलं कोणतं खरं हे साइट सांगत नाही. म्हणून बीएमडब्ल्यूच्या कोणत्याही अधिकृत डीलरच्या सर्व्हिस काउंटरवर फोन करा, व्हीआयएनची शेवटची सात अक्षरं द्या आणि विचारा: या गाडीवर कोणते रिकॉल होते, कोणते कधी झाले, काही बाकी आहे का. चांगला सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर पाच मिनिटांत सांगतो.

तुमच्या गाडीवर जो रिकॉल बाकी दिसतो तो, तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून, ऑगस्ट 2024 चा वॉटर पंपाचा आहे. अमेरिकेत 7,20,000 हून जास्त बीएमडब्ल्यू त्यात आल्या, साधारण 2012 ते 2018 च्या, आणि चार सिलिंडरच्या 328आयचा त्यात मोठा वाटा आहे. दोष नीट समजून घ्या, म्हणजे "किरकोळ" या शब्दाला किती किंमत द्यायची ते तुमचं तुम्हालाच कळेल. या इंजिनात पाण्याचा पंप पट्ट्यावर चालत नाही, तो विजेचा आहे आणि इंजिनाच्या खालच्या अंगाला बसवलेला आहे. त्याला विजेचा प्लग येतो, आणि त्या प्लगचं सील काही गाड्यांत पुरेसं घट्ट नाही. इंजिनाच्या क्रँककेसमधून (तळाच्या पोकळ भागातून) जी तेलकट वाफ परत हवेच्या नळीत जाते, तिचा ओलावा नळीवरून ओघळत खाली येतो आणि नेमका त्या प्लगवर पडतो. तो आत शिरला की पिना गंजतात, शॉर्ट होतो, प्लग तापतो, वितळतो, आणि वाईटातल्या वाईट वेळी पेटतो. गाडी लिफ्टवर घेऊन, खालचं प्लास्टिकचं आवरण काढून बघितलं की प्लगच्या तोंडाशी चिकट तपकिरी ओल आणि पिनांवर हिरवट थर असेल तर दोष कळतो. वरून, बॉनेट उघडून काहीच दिसत नाही. डीलरच्या आवारात उभं राहून "इंजिन स्वच्छ आहे" म्हणण्याला म्हणून अर्थ नाही. रिकॉलमध्ये पंप आणि प्लग तपासतात, खराब असेल तर बदलतात, आणि वरून गळणारं प्लगवर पडू नये म्हणून एक ढाल बसवतात. बाकी चालवायला छान असलेली ही गाडी, तिच्यातली आगीची शक्यता एका छोट्या ढालीने जाते, आणि ती ढाल फुकट मिळते. ती न बसवता मुलीला मागे बसवून गाडी घरी नेण्याचं एकही कारण मला दिसत नाही.

"अ‍ॅज इज" (आहे तशी, विकणाऱ्याच्या हमीशिवाय) असं लिहिलेलं असलं तरी रिकॉलचा हक्क जात नाही. रिकॉलचं काम कंपनीची जबाबदारी आहे, विकणाऱ्याची नाही, आणि मालक कितवा हे बघितलं जात नाही. कायद्याने ही फुकट दुरुस्ती पहिल्या विक्रीपासून 15 वर्षांपर्यंतच्या गाड्यांना मिळते, आणि ते वय रिकॉल जाहीर झाला तेव्हाचं धरतात. तुमची गाडी त्यात आरामात बसते. आधीच्या मालकाने हेच काम रिकॉलआधी स्वतःच्या खिशातून केलं असेल तर त्याला कंपनीकडून पैसे परत मागता येतात. डीलरला तुम्ही एवढंच सांगा की गाडी आधी बीएमडब्ल्यूच्या सर्व्हिसला नेऊन काम करून आणा, कागद दाखवा, मग बोलू. त्याला त्यासाठी एक डॉलर लागत नाही. तरीही तो टाळत असेल तर त्याने गाडीत आणखी काय टाळलं असेल हा विचार करा.

इथे एक गोष्ट मनाला लागते. नवी गाडी ओपन रिकॉल असताना विकता येत नाही. भाड्याने देणाऱ्या कंपन्यांनाही, ताफ्यात 35 पेक्षा जास्त गाड्या असतील तर, 2016 पासून ओपन रिकॉलची गाडी भाड्याने देता येत नाही. रिकॉल न झालेल्या भाड्याच्या गाडीत दोन तरुण बहिणींचा जीव गेला, त्यानंतर त्यांच्या आईने वर्षानुवर्षं झगडून तो कायदा करवून घेतला. पण जुन्या गाड्यांच्या डीलरला केंद्रीय कायदा आजही अडवत नाही. डीलरने काचेवर चिकटवायच्या सक्तीच्या पत्रकात "रिकॉल तपासा" अशी ओळ असते, बास. म्हणजे जो आठवडाभर गाडी वापरणार तो सुरक्षित, आणि जो कर्ज काढून घरी नेणार त्याने स्वतःचं बघावं. मला हे चुकीचंच वाटतं.

आज शून्य रिकॉल आले म्हणून कायमचं निश्चिंत होऊ नका, हेही याच कंपनीच्या उदाहरणाने दाखवतो. नोव्हेंबर 2017 मध्ये बीएमडब्ल्यूने अमेरिकेत आगीच्या धोक्यावरून दोन रिकॉल एकदम काढले, मिळून सुमारे 14 लाख गाड्या. एकात हीटर आणि एसीच्या हवेच्या यंत्रणेची वायरिंग तापत होती, जवळपास 6,73,000 गाड्या. दुसऱ्यात क्रँककेसच्या वाफेचा व्हॉल्व्ह थंडीत गोठू नये म्हणून दिलेला हीटर शॉर्ट होत होता, 7,40,000 गाड्या. उभ्या गाड्या पेटल्याच्या बातम्या तेव्हा टीव्हीवर होत्या. पण त्या हीटरचा विषय तिथे संपला नाही. 2019 मध्ये आणखी गाड्या आल्या, आणि मार्च 2022 मध्ये 2006 ते 2013 च्या आणखी सुमारे 9,17,000. ज्याने 2018 मध्ये सहा सिलिंडरची 328आय तपासली आणि "यादीत नाही" म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला, त्याची गाडी चार वर्षांनी यादीत आली असेल. म्हणून गाडी घेतल्यावर मालकीची नोंद आणि पत्ता कंपनीकडेही अद्ययावत करा. रिकॉलची पत्रं नोंदणीतल्या पत्त्यावर जातात, आणि भाड्याची घरं बदलत राहणाऱ्या आपल्या लोकांपर्यंत ती पोचतच नाहीत. संस्थेचं सेफरकार नावाचं अ‍ॅप आहे, त्यात व्हीआयएन घालून ठेवलात की नवा रिकॉल निघाल्यावर फोनवर कळतं.

आता एअरबॅग, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. टकाटाची गोष्ट थोडक्यात अशी की एअरबॅग फुगवणाऱ्या डबीत अमोनियम नायट्रेट होतं, आणि ते वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा खाऊन बिघडलं की एअरबॅग फुगताना डबीच फुटते आणि लोखंडाचे तुकडे चालवणाऱ्याच्या तोंडावर, मानेवर येतात. अमेरिकेत अशा सुमारे 6 कोटी 70 लाख एअरबॅग रिकॉल झाल्या. मे 2023 मध्ये बीएमडब्ल्यूने 2000 ते 2006 च्या सुमारे 90,000 जुन्या गाड्यांच्या मालकांना सांगितलं की रिकॉल झालेला नसेल तर गाडी चालवूच नका. तुमची 2013 ची गाडी त्यातली नाही. पण कुणी तुम्हाला स्वस्तात जुनी 325 किंवा 330 दाखवली तर हे डोक्यात असू द्या.

2024 च्या जुलैमधला रिकॉल तर जुनी स्पोर्ट सेदान घेणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. 2006 ते 2012 च्या सुमारे 3,94,000 थ्री सिरीज परत बोलावल्या गेल्या, त्याही मूळ एअरबॅग सदोष होती म्हणून नव्हे. मालकांनी हौसेने साधं स्टिअरिंग काढून स्पोर्ट किंवा एम स्पोर्ट स्टिअरिंग बसवलं असण्याची शक्यता होती, आणि त्या स्टिअरिंगमध्ये टकाटाची डबी असू शकत होती. कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा ती निर्दोष होती, दोष मागाहून आला. व्हीआयएनला फक्त कारखान्यात काय बसवलं तेवढंच ठाऊक असतं. अशा गाड्यांना हौशी मालक फार लाभतात: स्टिअरिंग बदलतात, सीट बदलतात, चाकं बदलतात. म्हणून मी तपासणीला गाडी आली की तिची मूळ यादी काढतो, कोणत्या स्टिअरिंगसह, कोणत्या सीटसह ती बनली होती ते, आणि समोर दिसतं त्याच्याशी ताडून बघतो. यादीत साधं स्टिअरिंग आणि हातात तीन आऱ्यांचं जाड एम स्पोर्ट, तर ते कुठून आणलं, त्यामागची एअरबॅग कोणत्या गाडीची, हे कळेपर्यंत पुढे जायचं नाही.

त्याहून वाईट प्रकार अपघातानंतरच्या दुरुस्तीत होतो. 2024 मध्येच एनएचटीएसएने इशारा दिला की बाजारात स्वस्त, बनावट एअरबॅग डब्या आल्या आहेत आणि नऊ महिन्यांत त्यांनी तिघांचा जीव घेतला. ज्या गाड्यांची एअरबॅग आधी एकदा फुगली आणि मग कुणीतरी स्वस्तात बदलली, त्या गाड्यांमधला हा प्रकार. हे व्हीआयएन टाकून कळत नाही. गाडीचा इतिहास-अहवाल काढा आणि एअरबॅग उघडल्याची नोंद आहे का बघा. मग गाडीत बसून इग्निशन चालू करा आणि एअरबॅगच्या दिव्याकडे बघत राहा. तो लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी विझला पाहिजे. लागलाच नाही, तर कुणीतरी तो बंद केला आहे. लागला आणि विझला, तरी स्कॅनर लावून एअरबॅगचं मॉड्यूल वाचून घ्या, कारण वायरमध्ये एक छोटा रेझिस्टर घालून "एअरबॅग आहे" असं गाडीला भासवणारे लोक आहेत.

अपघाताची नोंद असेल आणि एअरबॅग कुणी, कुठली बसवली याचा कागद नसेल, तर मी "घेऊ नका" म्हणतो. भाव किती पडतो ते मग विचारतही नाही.

आता टायमिंग चेन. 2012 ते 2015 च्या चार सिलिंडरच्या 328आयमध्ये एन20 नावाचं इंजिन आहे. चालवायला उत्तम, ताकद भरपूर. पण सुरुवातीच्या वर्षांच्या इंजिनात चेनला धरून ठेवणारे प्लास्टिकचे गाइड कालांतराने ठिसूळ होतात आणि तुटतात. तुकडे खाली ऑइल पॅनमध्ये पडतात, तेल खेचणाऱ्या नळीच्या जाळीत अडकतात, चेन उडी मारते, आणि इंजिन संपतं. साइटवरच्या "हायवेवर अचानक बंद पडली" या तक्रारींतल्या कितीतरी याच असाव्यात असं मला त्यांचे मैल आणि वर्णन वाचून वाटतं. यावर रिकॉल नाही. क्लास अ‍ॅक्शन दावा (अनेक मालकांनी मिळून केलेला) झाला, तडजोडीत ठरावीक वर्षं आणि मैलांपर्यंत वाढीव वॉरंटी मिळाली, आणि 2013 च्या गाडीला ती मुदत केव्हाच संपली आहे. रिकॉल फक्त सुरक्षेच्या दोषाला असतो, आणि इंजिन निकामी होणं हा खर्चाचा विषय धरला गेला. टर्नपाइकवर, म्हणजे इथल्या टोल हायवेवर, मधल्या लेनमध्ये, मागे ट्रक असताना इंजिन मेलं तर तो सुरक्षेचाच विषय आहे असं माझं ठाम मत आहे, पण माझ्या मताने फुकट दुरुस्ती मिळत नाही.

तर तपासणी अशी करून घ्या. गाडी रात्रभर उभी असू द्या आणि सकाळी थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. डीलरने तुम्ही येण्याआधी गरम करून ठेवली असेल तर परत जा, दुसऱ्या दिवशी या. रेस हळूहळू वाढवताना वरच्या पट्टीत चढत जाणारी कण्हल्यासारखी बारीक शिट्टी ऐकू आली तर चेन किंवा ऑइल पंपाची चेन बोलते आहे. मग स्वतंत्र मेकॅनिककडे ऑइल फिल्टर काढून त्यात प्लास्टिकचे कण आहेत का बघा. खात्रीच करायची तर ऑइल पॅन उतरवून बघावं लागतं, त्याचे पैसे पडतात, पण इंजिन बदलण्याच्या मानाने ते काहीच नाहीत. ऑइल किती मैलांनी बदललं याचे कागद मागा. आधीच्या मालकाने गाइड आणि चेन सुधारित पार्टने बदलल्याची पावती निघाली, तर ती गाडी थोडी महाग असली तरी घ्या. चेनचं काम काही हजार डॉलरचं आहे. ते झालेलं नसेल तर किंमत ठरवताना तेवढे वजा करून बोला, आणि गाडी घेतल्यावर आधी तेच काम करा.

टायरवरही एक नजर टाका. कडेला डॉटच्या (DOT) अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. या गाडीत बहुधा स्टेपनी नसते, मूळ टायर रन-फ्लॅट असतात, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे. कुणी साधे टायर घातले असतील तर डिकीत निदान पंक्चर किट आहे का बघा, नाहीतर रात्री रस्त्यात अडकाल.

विक्रेत्याने पंपाचा रिकॉल करून दिला, एअरबॅगचा इतिहास स्वच्छ निघाला आणि चेनचा हिशेब किमतीत बसला, तर ही गाडी मी माझ्या भावालाही घ्यायला सांगेन. तपासणीला नाही म्हणाला, तर आणखी थोडं बजेट वाढवून 2017 ची 330आय बघा, तिच्यात एन20 इंजिन नाही. व्हीआयएन मात्र तिचाही टाकायचा, आधी आज, आणि मग पैसे देण्याच्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा.